परसदार

खानापुरात, कचेरीच्या समोर,
पत्र्याच्या सहा बाय आठमध्ये मी टाइप करते.
अर्ज, वाटणीपत्रं, बारशाची आमंत्रणं.
डावीकडं कन्नड कागद, उजवीकडं मराठी,
मधे माझी दहा बोटं.

एक सॉफ्टवेअर हवं होतं,
कन्नड उतारा घालायचा, मराठी काढायचा.
विकत घ्यायचं तर दोन महिन्यांचं भाडं.
मष्णू म्हणाला, फुकटात आणतो की अक्का,
मेव्हण्याकडं हाय.

पेन ड्राइव्ह लावताच अँटिव्हायरस ओरडला.
'त्याला गप्प करायला लागतंय,' मष्णू म्हणाला.
मीच केलं. माझ्याच बोटानं.
पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे, पूर्ण.

आणि चाललं की!
कुणाप्पा गावड्यांचा सर्व्हे नंबर, हिस्सा, वारस,
झरझर मराठीत, एक काना चुकला नाही.
चोरानं आधी अंगण झाडून दिलं.

मशीन मी रात्रीही चालूच ठेवायची,
सकाळी उठायला फार कुरकुरायचं म्हणून.
शेजारचा पानपट्टीवाला बाबालाल म्हणाला,
'अक्का, शटर बंद असतंय,
खरं आत पंखा कुणासाठी फिरतोय?'
मी म्हटलं, उंदीर असेल.

मग एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
पडद्यावरचा बाण आपसूक सरकला.
'आधार' नावाच्या फोल्डरपाशी गेला,
थोडा थांबला, उंबऱ्यावर थांबतात तसा,
आणि आत शिरला.
माझे दोन्ही हात मांडीवर होते.

फकीराप्पा बैलहोंगलहून एसटीनं आला.
चप्पल काढायच्या आधी त्यानं नेटची वायर उपसली.
'आता बोला.'
ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'हित्तल बागिलु.'
मी म्हटलं, परसदार.
दोघांना एकदमच हसू आलं, फार नाही.
परसदारानं आमच्याकडं विरजण मागायला यायचे,
वासरू सुटलं तर सांगायला यायचे.
त्या दाराला कडी लावायची
आमच्या घरात कुणाला सवयच नव्हती.

त्यानं स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं.
आतला तो झोपलेला असतानाच झडती घेतली.
एक नाव सापडलं, विंडोजच्याच नोकराचं,
फक्त दोन अक्षरं मागंपुढं.
मी बावीस वर्षं प्रुफं तपासलीत.
लाज वाटली ती तिथं.

पुसलं. मशीन पुन्हा सुरू केलं. ते परत हजर.
तेव्हा कळलं, कामांच्या यादीत
रात्री दोन दहाला एक फेरी लावलेली:
गडी जिवंत आहे का बघ, नसला तर नवा उभा कर.
फायरवॉलमध्येही त्याच्यापुरती एक फट.
फेरी काढली, फट बुजवली.
मग फकीराप्पानं हात बाजूला घेतले.
'काढलंय म्हणता येतंय.
खरं, गेलंय म्हणता येत नाही.'

म्हणून सगळंच धुतलं.
नुसते कागद बाहेर काढले, तेही तपासून,
चालणारी एकही गोष्ट नाही, मष्णूचं ते तर नाहीच.
बँकेचा पासवर्ड, मेलचा पासवर्ड
त्याच्या फोनवरून बदलले, या मशीनला हात न लावता.
तीन तास लागले. पैसे घेताना तो
दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा मोजून घेतले.

मशीन आता कोरं आहे.
राहिलं रजिस्टर.
दोनशे बारा नावं, ज्यांचे कागद मी स्कॅन करून ठेवले होते.
रोज दहा फोन करते.
कुणी म्हणतं, आमच्याकडं काय हाय न्यायला?
कुणी शिव्या देतं, त्या बरोबरच आहेत.
नंदगडच्या यल्लूबाईनं शांतपणे विचारलं,
'म्हंजे बाई, माझा अंगठा आता कुठं हाय?'

मला सांगता आलं नाही.
फोन ठेवून कुणाप्पांचा उतारा पुढं ओढला,
कन्नड वाचत, मराठी लिहीत, एकेक ओळ.
तिसऱ्या ओळीत एक काना चुकला.
खोडला, नीट केला.